साथीदाराचे गद्य : गोविंदराव टेंबे, पेटी आणि आपली वाचनपद्धती

१

मराठी संगीताचा जो इतिहास आपण वाचतो तो बहुतांशी गायकांचा इतिहास आहे. घराणी गायकांची, चरित्रे गायकांची, आणि पुण्यतिथीचे उत्सवही गायकांचेच. साथीदाराचे नाव मैफलीच्या जाहिरातीत शेवटच्या ओळीत येते; जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या लेबलांवर तर ते बहुधा येतच नाही. तबकडी ऐकताना पेटीचा सूर कानावर पडतो, पण तो वाजवणारा कोण हे कळायला मार्ग नसतो.

साथीदाराची कारकीर्द इतिहासात कशी वाचायची, असा प्रश्न आम्ही येथे उपस्थित करीत आहोत. तो संगीताभ्यासकांनी सोडवावा आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने दुरून पाहावा, असे त्याचे स्वरूप नाही. ज्या साथीदाराविषयी आम्ही लिहितो आहोत त्याने नाटकाला चाली दिल्या, नाटक कंपनी चालवली, बोलपटात राजाची भूमिका केली आणि शेवटी मराठी गद्यात दोन महत्त्वाचे आत्मपर ग्रंथ लिहिले. गोविंद सदाशिव टेंबे (१८८१–१९५५) यांचे नाव नाट्यसंगीताच्या इतिहासात आहेच. मराठी साहित्याच्या वर्गात ते क्वचितच घेतले जाते, आणि ही उणीव केवळ एका नावापुरती नाही, असे आम्हांस वाटते.

२

टेंब्यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे येथे झाला. ते वाढले कोल्हापुरात, आणि त्या काळचे कोल्हापूर ही गाणे ऐकण्याची फार मोठी शाळा होती. राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाला १८९५ च्या सुमारास अल्लादियाखाँ आले. जयपूर-अत्रौली घराण्याची पेचदार, अनवट रागांची गायकी त्या गावात स्थिरावली. गावातला देवल क्लब हे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे आणि ऐकणाऱ्यांचे एकत्र येण्याचे ठिकाण होते. आपल्या सांगीतिक घडणीत या क्लबाचा वाटा किती मोठा होता, हे टेंब्यांनी कृतज्ञतेने मान्य केले आहे.

या घडणीतली लक्षात घेण्याची गोष्ट अशी की टेंबे रूढ अर्थाने कोणाचे गंडाबंध शागीर्द नव्हते. पेटी त्यांनी मुख्यतः स्वतःच्या बळावर आत्मसात केली. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांना ते गुरुस्थानी मानीत. परंतु बुवांपुढे बसून रीतसर तालीम घेणे आणि बुवांच्या शेजारी बसून साथ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टेंब्यांच्या वाट्याला आली ती दुसरी. शिष्याला गुरू एक पलटा दहा वेळा म्हणून दाखवतो. साथीदाराला ती सवलत नाही. मैफलीत एकदा येऊन गेलेली जागा त्याच क्षणी ओळखायची, तिच्या पाठोपाठ जायचे आणि पुढची येण्याआधी हात मोकळा ठेवायचा.

त्यातही गायक भास्करबुवा. बडोद्याचे फैजमहंमदखाँ, आग्रा घराण्याचे नथ्थनखाँ आणि पुढे अल्लादियाखाँ अशा तिघांची तालीम त्यांच्या गळ्यात एकवटली होती. अशा गायकाच्या मागे जाणाऱ्याला एका घराण्याचे आडाखे पुरत नाहीत. बोलबनाव आग्र्याच्या अंगाने चालला असता मधेच तान जयपूरच्या वळणाने निघाली, तर तिचा शेवट कोठे होणार याचा अंदाज ऐन वेळी बदलावा लागतो. टेंब्यांचे संगीतज्ञान अशा बदलत्या अंदाजांतून घडले. पुढे त्यांनी पेटीचे स्वतंत्र वादन लोकप्रिय केले. त्यात लोकांना गायकीचे रूप दिसले, याचे कारण या साथीत आहे.

३

ज्या वाद्यावर हे सारे घडले त्याविषयी थोडे तपशिलात गेले पाहिजे, कारण पेटीवरचा पुढचा सगळा वाद त्या तपशिलातून निघतो.

हार्मोनियम हे मूळ युरोपी वाद्य. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबें याने ते सिद्ध केले. पायाने भाता चालवायचा आणि दोन्ही हातांनी पट्ट्या दाबायच्या, अशी त्याची घडण होती. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या घरांतून ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी त्याला जमिनीवर बसून वाजवण्याजोगे केले : भाता डाव्या हाताकडे आला, पट्ट्या उजव्या हाताकडे राहिल्या. मराठी रंगभूमीने मात्र पायपेटी आणि ऑर्गन यांना दीर्घकाळ जवळ केले, कारण नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा भरदार सूर तेथे हवा होता.

पट्ट्यांची रचना पियानोची, आणि तीही बारा समान अंतरांत विभागलेल्या सप्तकाची. तंबोऱ्याशी मिळून येणारा शुद्ध गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटांवर असतो. पेटीचा गंधार ४०० सेंटांवर. फरक चौदा सेंटांचा, पण तंबोऱ्यात मुरलेल्या कानाला तो खुपतो. शिवाय पट्टीवरून पट्टीवर जाताना मधला सूर सलग मिळत नाही, म्हणून मींड नाही. दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार पेटीला देता येत नाही. जाणता साथीदार तेथे काय करतो? तो गंधारावर थांबत नाही; कणाने स्पर्श करून निघून जातो, किंवा गायक आंदोलन घेत असता षड्ज धरून ठेवतो. न वाजवण्याचा हा निर्णय साथीच्या कलेचा मोठा भाग आहे, आणि तो कोणत्याही नोटेशनमध्ये उतरत नाही.

दोष दूर करण्याचे प्रयत्नही मराठी मुलखातच झाले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायखात्यातले अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार करवली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा आणि टीका दोन्ही झाली. ती मैफलीत रुळली नाही. रुळली ती साधी, सदोष पेटी. सारंगी मिळवण्यास तास लागत आणि तिच्याशी कोठीचा संबंध जोडलेला असल्यामुळे नव्या मध्यमवर्गाला ती घरात नको होती. पेटीला असले काही चिकटलेले नव्हते. भाता हलवला की सूर तयार, आणि सूर कायम.

या वाद्याने आपल्या बोलण्यात किती खोल घर केले आहे पाहा. पेटीचा अत्यंत कडवा विरोधकही आपला षड्ज सांगताना ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी दोन’ असेच म्हणतो. श्रुतिशास्त्राचा अभिमानी गायक आपल्या गळ्याचे मोजमाप पियानोच्या पट्ट्यांनी देतो, आणि त्यात त्याला विसंगती वाटत नाही. परकेपणाचा निवाडा करताना भाषेची ही साक्ष विचारात घेतली पाहिजे.

४

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली टेंब्यांनी दिल्या. तोपर्यंतच्या नाट्यपदांवर कीर्तन, साकी-दिंडी आणि कर्नाटकी चाली यांचा ठसा होता. टेंब्यांनी मैफलीत ऐकलेली उत्तरेकडची ठुमरी, दादरा, कजरी ही सामग्री मराठी पदासाठी वापरली. साथीदाराच्या कानात वर्षानुवर्षे साठलेले गाणे अशा रीतीने नाट्यगृहात आले, आणि ज्यांनी कधी मैफलीचा उंबरा ओलांडला नव्हता अशा प्रेक्षकांच्या तोंडी बसले.

येथे साहित्याच्या अभ्यासकासाठी एक प्रश्न उभा राहतो. खाडिलकरांच्या पदरचनेवर क्लिष्टतेचा आक्षेप जुना आहे. शब्दक्रम ओढाताणीचा, समास अवघड, अन्वय लागता लागत नाही, असे म्हटले जाते. गद्यात इतका तेजस्वी असलेला हा नाटककार पद्यात का अडखळतो, याची कारणे आपण त्याच्या काव्यशक्तीत शोधतो. परंतु ही पदे मुळात तयार चालींवर बांधलेली आहेत. संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या वर ‘चाल’ म्हणून मूळ चीजेचा निर्देश करण्याची पद्धत होती. आपण ती ओळ वगळून खालचा मजकूर कविता म्हणून वाचतो. ठुमरीच्या मूळ बोलांत दीर्घ स्वर जेथे पसरतो तेथे मराठी शब्दातही दीर्घाक्षर हवे; मुखडा समेवर येताना जोडाक्षर अडचण करते; व्रज बोलीतले मऊ, अल्पाक्षरी शब्द मराठीच्या विभक्तिप्रत्ययांना जागा ठेवीत नाहीत. या अटी पाळून कवीला लिहावे लागले. पदांतले काही दोष खाडिलकरांचे आहेतच. पण बरेचसे ‘दोष’ हे चालीशी केलेल्या तडजोडीचे वळ आहेत.

म्हणजे ‘मानापमाना’च्या पदांचा कर्ता एक नाही. शब्द खाडिलकरांचे, चाल निवडण्याची दृष्टी टेंब्यांची, मूळ चीज उत्तरेतल्या गायिका-गायकांची, आणि रंगभूमीवर आलेला विस्तार बालगंधर्वांचा. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले. भामिनी एका कंपनीची, धैर्यधर दुसऱ्या कंपनीचा. दहा वर्षांपूर्वी बांधलेल्या चाली तोवर इतक्या पक्क्या झाल्या होत्या की दोन प्रतिस्पर्धी त्यांवर एकत्र उभे राहू शकले. त्या रात्रीच्या आठवणींत दोन नटांची चढाओढ येते. ज्या भूमीवर ती झाली ती कोणी तयार केली, हा प्रश्न मागे राहतो.

५

नाटक कंपनीतला टेंब्यांचा पुढला प्रवास आम्ही थोडक्यात सांगतो. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे असे तिघे भागीदार होऊन गंधर्व नाटक मंडळी निघाली. दोनेक वर्षांतच टेंबे तीतून बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. त्यानंतर गंधर्व मंडळीच्या ‘स्वयंवरा’ला (१९१६) चाली दिल्या त्या भास्करबुवांनी. ज्यांच्या शेजारी बसून टेंबे शिकले, तेच त्यांच्या जागी आले.

१९३२ मध्ये प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. मराठीतल्या या पहिल्या बोलपटाचे संगीत टेंब्यांचे, आणि दुर्गा खोटे यांच्या तारामतीसमोर हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. पार्श्वगायन अद्याप रूढ झाले नव्हते. नटाने ध्वनिग्राहकापुढे स्वतः गायचे, आणि वाद्ये चौकटीबाहेर कोठेतरी बसवायची. मैफलीतला साथीदार निदान श्रोत्यांना दिसत तरी असे. पडद्यावर तो दिसेनासा झाला.

६

‘माझा संगीत व्यासंग’ १९३९ साली प्रसिद्ध झाले; ‘माझा जीवनविहार’ १९४८ साली. अल्लादियाखाँचे चरित्रही टेंब्यांनी लिहिले. यांतले पहिले पुस्तक मराठी संगीतसमीक्षेच्या पायाभूत ग्रंथांत गणले जाते, आणि ते रास्तच आहे. केशवराव भोळे यांचे लेखन त्याच दशकातले. वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ १९६१ चे. मराठीत संगीतावर विचार करणारे गद्य घडले त्यात टेंब्यांचा भाग आरंभीचा आहे.

आत्मचरित्र म्हणून या पुस्तकाची घडण विलक्षण आहे. नावात ‘माझा’ असला तरी पानांवर गर्दी इतरांची आहे. लेखक स्वतःला पाहण्यासाठी दुसऱ्याच्या गाण्याकडे वळतो. मराठी आत्मचरित्राचा प्रचलित साचा धर्मजागृती, समाजसुधारणा किंवा संसार यांच्या भोवती ‘मी’ उभा करतो. येथे ‘मी’ म्हणजे एक कान आहे. साथीदाराची बैठक लिहिताना त्यांनी सोडली नाही, असे आम्ही म्हणू. कोणत्या गायकाने कोठे काय केले हे सांगत असता सांगणारा जरा मागे राहतो, आणि त्याचे असणे त्याच्या निवडीतून कळते.

मात्र इतिहासाचे साधन म्हणून हे पुस्तक वापरताना दोन भेद ध्यानात ठेवावे लागतात. पुस्तक निघाले तेव्हा भास्करबुवांना जाऊन सतरा वर्षे लोटली होती. अल्लादियाखाँ मात्र हयात होते, ते १९४६ पर्यंत जगले. एक व्यक्तिचित्र स्मृतीतून पुन्हा उभे केलेले, दुसरे चालू सहवासातून आलेले. दोन्हींतला आदर सारखा दिसला तरी त्यांचे प्रामाण्य सारखे नाही. दुसरे असे की साथीदार गायकाच्या फार जवळ बसतो. गळ्याची तयारी, श्वास, चुकता चुकता सावरलेली सम हे सर्व त्याला दिसते. परंतु दहाव्या रांगेतल्या श्रोत्याला काय वाटले, हे त्याला सांगता येत नाही. ती साक्ष भोळ्यांसारख्या श्रोता-समीक्षकाकडून घ्यावी लागते. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तरच त्या काळचे गाणे कागदावर थोडेफार ऐकू येते.

७

पुस्तक निघाल्यानंतर वर्षभरातच, १ मार्च १९४० पासून, ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी केली. नभोवाणीचे नियंत्रक त्या वेळी लायोनेल फील्डन हे इंग्रज गृहस्थ होते. पाश्चात्त्य संगीताचे तज्ज्ञ जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध आधीच लेख लिहून रान उठवले होते. रवींद्रनाथ ठाकुरांचाही पेटीला विरोध होता. आक्षेप वर सांगितले तेच : स्थिर सूर, मींडेचा अभाव आणि परकेपणा. शास्त्राच्या दृष्टीने पहिले दोन खरे आहेत. तिसऱ्याचे काय?

वर्ध्याकडून पाहिले म्हणजे या तिसऱ्या आक्षेपातला विपर्यास अधिक स्पष्ट होतो. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले, १९३६ मध्ये शेगावी राहू लागले, आणि १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. स्वदेशी म्हणजे काय याचा सर्वांत कसोशीचा विचार त्या वर्षांत याच जिल्ह्यात चालू होता. आणि याच मुलखात, वर्धा-अमरावतीच्या गावांत, भजनी मंडळे टाळ-खंजिरीबरोबर पेटी वाजवीत होती. मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या खंजिरी-भजनांनी हा प्रदेश भारून टाकला. त्या भजनांच्या वाटेत पेटीचे विलायती कूळ कधी आडवे आले नाही. दिल्लीतल्या विलायती अधिकाऱ्यांना जे वाद्य पुरेसे भारतीय वाटले नाही, ते येथील मारुतीच्या देवळात केव्हाच घरचे झाले होते.

१९४८ मध्ये नागपूर केंद्र सुरू झाले आणि वर्ध्यातही आपल्या मुलखातला आवाज नभोवाणीवरून ऐकू येऊ लागला. त्यात पेटी नव्हती. बंदी घालणारे राज्य गेले होते, बंदी राहिली होती. डॉ. बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री होते. त्यांच्याही कारकिर्दीत ती कायम राहिली. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी टेंबे गेले. ज्या वाद्याने त्यांचे आयुष्य घडवले, त्याला त्या दिवशीही सरकारी नभोवाणीवर मज्जाव होता. १९७० मध्ये या विषयावर परिसंवाद झाला आणि १९७१ च्या सुमारास साथीपुरती बंदी शिथिल झाली. स्वतंत्र वादनाला त्यानंतरही दीर्घकाळ थांबावे लागले.

या तीस वर्षांचा परिणाम केवळ भावनेचा नाही. नभोवाणी हे त्या काळी वादकाला नियमित बिदागी, श्रेणी आणि प्रतिष्ठा देणारे प्रमुख स्थान होते. सारंगिये आणि तबलजी यांना ते मिळाले, पेटीवाल्याला नाही. ध्वनिमुद्रणाचा सरकारी संग्रह जो तयार झाला त्यातही पेटीच्या साथीचा एक पूर्ण कालखंड गहाळ आहे. पुढचा इतिहासकार त्या संग्रहावर भिस्त ठेवील तर पेटी मैफलीतून नाहीशी झाली होती असा निष्कर्ष काढील, आणि तो साफ चुकेल.

८

ती नाहीशी झाली नाही याचे श्रेय शिकवणाऱ्यांना आहे. बंदीच्या काळात पेटी जगली ती मैफलीत, तबल्याच्या लहऱ्यात, कीर्तनात आणि शिकवणीत. बेळगावचे रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी मोठमोठ्या गायकांची साथ केली आणि त्या सीमाभागात विद्यार्थ्यांच्या पिढ्या तयार केल्या. गोव्यातल्या बोरी गावचे तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) हे पी. मधुकरांचे शिष्य, नाट्यसंगीतात त्यांना छोटा गंधर्वांचे मार्गदर्शन लाभले. साथ, स्वतंत्र वादन आणि अध्यापन ही तिन्ही कामे त्यांनी सारख्याच निष्ठेने केली. सुधीर नायक यांच्यासारखे वादक त्यांच्या हाताखाली तयार झाले. जालन्याकडचे अप्पा जळगावकर (१९२२–२००९) भीमसेन जोशींपासून किशोरी आमोणकरांपर्यंत अनेकांच्या शेजारी बसले. संगीत नाटक अकादमीने २००० मध्ये जळगावकरांना आणि २००५ मध्ये बोरकरांना गौरवले; २०१६ मध्ये बोरकरांना पद्मश्री मिळाली. शासनाच्या एका खात्याने ज्याला दाराबाहेर ठेवले त्याचा दुसऱ्याने सन्मान केला, आणि या दोहोंमध्ये एका माणसाचे उमेदीचे सारे आयुष्य गेले.

‘हार्मोनियम’ऐवजी ‘संवादिनी’ हा शब्द या पिढीत अधिक रूढ झाला. संस्कृत नाव घेऊन वाद्य स्वदेशी ठरवण्याची धडपड त्यात आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु नावाचा अर्थही ध्यानात घ्यावा : संवाद करणारी. टेंब्यांची पिढी साधेपणाने ‘पेटी’ म्हणे. शब्दांतला हा बदल साथीदाराच्या स्वतःविषयीच्या कल्पनेत झालेला बदल आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाने तो नोंदवावा.

साहित्याच्या अध्यापकांना आमची सूचना साधी आहे. ‘मानापमान’ वर्गात शिकवताना एक पद तरी त्याच्या चालीसह ऐकवावे, आणि छापील प्रतीत चालीचा निर्देश असेल तर तो विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावा. मग शब्दरचनेवरचे आक्षेप पुन्हा तपासावेत. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना ‘माझा संगीत व्यासंग’मधले एक प्रकरण यादीत घालावे. स्वतःविषयी थोडे आणि दुसऱ्याच्या गाण्याविषयी भरभरून लिहिणारा ‘मी’ मराठीत फार नाही. तो कसा लिहितो, कोठे थांबतो, कोणत्या गायकापाशी त्याचे वाक्य लांबते आणि कोणापाशी आखडते, हे पाहण्यासाठी संगीताचे ज्ञान असलेच पाहिजे असे नाही. लक्षपूर्वक वाचण्याची सवय पुरेशी आहे.